खाडीकाठची नोंदवही

आगरदांड्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत बसायला मला आवडते. समोर दिघी, मध्ये राजपुरीची खाडी आणि खाडीच्या तोंडाशी जंजिरा. गाड्या आणि माणसे घेऊन बोट एकदा पलीकडे गेली की ती परत येईपर्यंत आपल्याला काहीच करता येत नाही. काहीच करता न येणे ही चैन निवृत्त माणसालाही हल्ली सहजी मिळत नाही.

गेल्या थंडीतल्या एका रविवारी बोर्लीला लग्नाला जाताना सकाळी आठच्या सुमारास मी असाच बसलो होतो. ओहोटी पुरी लागली होती. धक्क्यापासून थोड्या अंतरावर तिवरांच्या कडेने चिखल उघडा पडला होता आणि त्या चिखलात पोटरीपर्यंत रुतलेली दहा-बारा मुले-मुली काहीतरी मोजत होती. प्लॅस्टिकच्या नळ्या जोडून केलेली मीटरभर लांबीरुंदीची एक चौकट चिखलावर टाकायची, तिच्यात खेकड्यांची बिळे किती ते मोजायचे, आकडा ओरडून सांगायचा आणि चौकट उचलून पुढे जायचे. काठावरचा एक मुलगा ते आकडे वहीत उतरवून घेत होता. त्याच्या शेजारी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले, डोक्यावर टोपी घातलेले, साठीच्या उंबरठ्यावरचे एक गृहस्थ उभे होते.

शेजारी टोपली घेऊन बसलेल्या बाईंना मी विचारले, "मावशी, काय चाललंय हे?"

"कॉलेजचे सर हायत. चिंबोऱ्या मोजतात." मग थोडे थांबून त्यांनी खुलासा केला, "धरीत नाय. नुसत्या मोजतात. दर महिन्याला येतात."

अर्ध्या तासाने ती मंडळी हातपाय धुऊन धक्क्यावर चहाला आली. वही बाकावर ठेवली गेली आणि माझी नजर तिच्यावर खिळली. लांबट आकाराची, लाल कापडाच्या बांधणीची, हिशेबाची वही होती ती. अशा वह्या हाताळण्यात माझे आयुष्य गेले. बँकेत होतो तोवर दिवसभर खतावण्या आणि रात्री कादंबरी, असा माझा क्रम होता. तेव्हा ती वही उघडून पाहण्याची परवानगी मागितल्यावाचून मला राहवले नाही. सरांनी ती आनंदाने दिली.

पहिले पान २००६ सालचे होते. तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, पाण्याचे तापमान, खारटपणा, बिळांची संख्या, निवट्या किती दिसल्या, खडकावर कालवे कुठवर चढली, आणि शेवटच्या रकान्यात मोजणाऱ्यांची नावे. दर महिन्याला दोन नोंदी. अक्षर मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदललेले, कारण मुले पदवी घेऊन निघून जातात आणि नवी येतात. अठरा-एकोणीस वर्षे ती वही अशी हातोहात चालत आली होती. ३ जून २०२० रोजी याच किनाऱ्यावर 'निसर्ग' चक्रीवादळ आदळले. त्याच्या आधीची आणि नंतरची पाने मी मुद्दाम काढून पाहिली. वादळानंतरच्या पहिल्या नोंदीत आकड्यांच्या जोडीला एकच वाक्य होते : 'नेहमीची जागा ओळखता येत नाही.'

सरांचे नाव आणि महाविद्यालयाचे नाव मी लिहीत नाही. त्यांचीच तशी इच्छा होती. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, डॉक्टरेट मुंबईची. बरोबरीचे काही जण मोठ्या संशोधन संस्थांत गेले, दोघे परदेशी आहेत. हे तालुक्याच्या गावी शिकवायला आले आणि इथलेच झाले. "लोक तुम्हाला शास्त्रज्ञ म्हणतात का?" मी विचारले. ते हसले. "इथं सर म्हणतात. सोबतचे लोक भेटले की विचारतात, 'अजून शिकवतोसच का?' त्यातला 'च' आता ऐकू येईनासा झालाय."

तो 'च' माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

आपल्याकडे विज्ञानाचे नाव काढले की डोळ्यांपुढे भाभांची संस्था येते, अणुभट्टी येते, श्रीहरिकोटा येते. ते योग्यच आहे. पण देशातले बहुतेक विज्ञानाचे शिक्षक काम करतात ते शिकवणाऱ्या संस्थांत. २०२१-२२च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात १,१६८ विद्यापीठे आणि ४५,४७३ महाविद्यालये नोंदलेली आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर संशोधनावर भर देणारी विद्यापीठे, अध्यापनावर भर देणारी विद्यापीठे आणि पदवी देणारी स्वायत्त महाविद्यालये अशी विभागणीही सांगितली. या भिंती पक्क्या नाहीत, असेही त्या धोरणात म्हटले आहे. पण आपल्या समाजात उतरंड मांडायला कागदावरच्या भिंती लागतच नाहीत. संशोधन करतो तो शास्त्रज्ञ आणि शिकवतो तो मास्तर, हे आपण केव्हाच ठरवून टाकले आहे.

नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि त्याच्या वरच्यांनी १४ तास शिकवायचे असते. सोळाच तास? बँकेत आम्ही एवढे दोन दिवसांत भरत होतो, असे माझ्यासारख्याच्या मनात येते. पण त्या सोळा तासांमागे वाचन असते, प्रात्यक्षिकांची तयारी असते, वह्या असतात, परीक्षा आणि उत्तरपत्रिका असतात, प्रवेशाच्या रांगा असतात, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर असते, मूल्यांकन समिती येणार म्हणून महिनोन् महिने भरायचे तक्ते असतात. मदतनीस निवृत्त झाला आणि जागा भरली गेली नाही, तर परीक्षानळ्याही प्राध्यापकच धुतो. या सगळ्यातून उरतो तो रविवार, आणि तोही ओहोटीच्या वेळेला जुळला पाहिजे.

अशा माणसाने संशोधन करायचे कशाला, असे विचारणारे लोक आहेत. माझे एक मित्र नेहमी म्हणतात, "शिक्षकानं शिकवावं. उगाच शास्त्रज्ञाची हौस कशाला?" त्यांना मी आता आगरदांड्याची एक हकिकत सांगतो. ती मला सरांनी चहा पिता पिता सांगितली.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातली रीत पुष्कळांना माहीत असेल. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला. आम्ही भेटलो त्या दिवशी वद्य तृतीया होती. म्हणजे सव्वादोनला भरती आणि त्याआधी सहा तास, आठच्या सुमारास ओहोटी. खाडीवर जायचे तर हा हिशेब लागतोच, म्हणून सर तो पहिल्याच दिवशी मुलांना सांगतात. काही वर्षांपूर्वी असे सांगत असताना कोळ्यांच्या घरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमचा आजा पण असंच सांगतो. पण पुनवेला हे जमत नाय. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पुनवेचं पाणी बाराला भरतं."

सरांनी ती रीत कितीतरी वर्षे वापरली होती, पण हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. त्यांनी गणिताच्या मॅडमना गाठले आणि दोघांनी वर्गात फळ्यावर हिशेब मांडला. चांद्रमासाच्या तिथी तीस. तेवढ्या काळात भरतीची वेळ घड्याळाची एक चोवीस तासांची फेरी पुरी करते. चोवीसला तिसाने भागा : दर तिथीला भरती ४८ मिनिटांनी पुढे सरकली पाहिजे. पाऊणपट म्हणजे ४५ मिनिटे. दर तिथीला तीन मिनिटांची तूट आणि पंधरा तिथींत ती पाऊण तासाची. पौर्णिमेला सव्वाअकरा आणि बारा यांत फरक पडतो तो नेमका एवढाच. मग जुन्या लोकांनी पाऊणपट का धरली? मॅडमचा अंदाज असा की जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असे. चार-पंचमांशाचा पाढा कुणालाच येत नव्हता. होडी काढायला तेवढे पुरत होते.

हा हिशेब झाला कागदावरचा. प्रत्यक्षात वारा, चंद्राचे अंतर आणि खाडीचा आकार यांच्यामुळे पाणी पुढेमागे होते. ते किती होते, हे शोधायचे तर दर वेळी घड्याळ लावून लिहून ठेवायला हवे. त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढला : 'पाणी फिरल्याची वेळ'.

आता यात शिकवणे कुठे संपले आणि संशोधन कुठे सुरू झाले, ते मला कुणीतरी दाखवावे. प्रश्न वर्गात उठला. तो विचारणारी मुलगी खाडीकाठची होती म्हणून उठला. मोठ्या संस्थेत एकटे बसलेल्या शास्त्रज्ञाला तो पडला नसता असे नाही. पण विचारायला तिथे ती मुलगी नसती.

ही काही आजची गोष्ट नव्हे. आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या नागाव इथे १८२५ साली केरो लक्ष्मण छत्रे जन्मले. मुंबईत शिकून ते कुलाब्याच्या वेधशाळेत ऑर्लिबार यांच्या हाताखाली काम करू लागले, आणि पुढे पुण्याला जाऊन शिक्षक झाले. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. केरूनानांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. पंचांगातला ग्रह आणि आकाशातला ग्रह यांची गाठ पडावी, एवढ्यासाठी युरोपातल्या नव्या गणिताच्या आधारे केलेला तो उद्योग होता. हे काम त्यांनी वेधशाळेतल्या निवांतपणात बसून केले नाही. रोजचे वर्ग घेता घेता केले.

पुढची उदाहरणेही दूरची नाहीत. मालवणला जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकवत होते, तेव्हा, १९११च्या सुमारास, त्यांना सह्याद्रीतल्या नदीत गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. तशा प्रकारचा जीव तोवर आफ्रिकेतलाच म्हणून माहीत होता. दामोदर धर्मानंद कोसंबी १९३०च्या दशकात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. तिथे असतानाच त्यांनी प्राचीन नाणी तराजूत घालून वजने करायला सुरुवात केली. नाणे हातोहात फिरताना झिजते. त्या झिजेला गणित लावले तर इतिहास बोलू लागतो, ही त्यांची कल्पना. त्यासाठी चालू नाणीही त्यांनी हजारोंनी तोलली. १९४५ साली टाटा संस्थेत गेले तेव्हा ते नावाजलेले गणितज्ञ होतेच. पण त्याआधीची ती वर्षे शिक्षकाची होती. आणि डहाणूला जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर तर महाविद्यालयातही नव्हते. १९३० ते १९६२ ते देवळालीला शाळेत शिकवत होते. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येते. आज ही संख्या जगभर कापरेकरांच्या नावाने ओळखली जाते. वाचकांनी रविवारच्या दुपारी घरातल्या मुलांना हे जरूर करायला लावावे.

पण चित्राची दुसरी बाजू लपवणे बरोबर नाही. आगरदांड्याच्या दक्षिणेला याच किनाऱ्यावर, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. परत येऊन फर्ग्युसनची सेवा करण्याचे वचन त्यांनी दिले होते आणि ते पाळले. १९०२पासून दोन दशकांहून अधिक काळ ते प्राचार्य होते. कितीतरी पिढ्या घडल्या. पण जग त्यांना ओळखते ते शिक्षणतज्ज्ञ म्हणून; नवे गणित निर्माण करणारे म्हणून नव्हे. वसतिगृह, वेळापत्रक, देणग्या, समित्या यांनी आपल्याकडून एखादा गणितज्ञ काढून घेतला का, हा प्रश्न मला पडतो. शिकवण्याने शास्त्रज्ञ मरत नाही. तो मरतो तो शिकवण्याच्या भोवती साचलेल्या इतर कामांखाली.

आणि आणखी एका गोष्टीखाली. ती मला त्या वहीतच सापडली.

पाने उलटताना माझा हात थांबला. बँकेतल्या माणसाचा डोळा तारखांवरून सरकतो तो खंड शोधतच. २०१२-१३च्या सुमारास सलग अकरा महिने एकही नोंद नव्हती. "आजारी होता का?" मी विचारले.

सर थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाही. त्या वर्षी मी गुण मिळवत होतो."

वाचकांपैकी ज्यांच्या घरी प्राध्यापक आहेत, त्यांना हे सांगायला नको. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली शिक्षकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. शोधनिबंधाला इतके गुण, परिषदेला इतके, पुस्तकातल्या प्रकरणाला इतके. हेतू चांगला होता. वर्षानुवर्षे त्याच पिवळ्या टिपणांवर शिकवणारे लोकही होतेच. पण खाडीची वही कुठल्याच रकान्यात बसत नव्हती. एकोणीस वर्षांनी कदाचित निबंध होईल अशा कामाला यंदा किती गुण द्यायचे? सरांनी त्या वर्षी चार परिषदा केल्या आणि पैसे भरून छापणाऱ्या एका नियतकालिकात दोन निबंध दिले. बढती मिळाली. "ते निबंध कुणी वाचले नाहीत, हे माझं भाग्य," ते म्हणाले. "पण ती अकरा पानं मला परत भरता येत नाहीत."

मला माझी बँक आठवली. मार्चअखेर जवळ आली की ठेवींचे उद्दिष्ट पुरे करायचे. ३१ मार्चला ओळखीच्या व्यापाऱ्याकडून मोठी रक्कम खात्यावर ठेवून घ्यायची. ती २ एप्रिलला परत जायची. ताळेबंद गुटगुटीत दिसे. मीही हे केले आहे. आज लिहिताना संकोच वाटतो. आम्हा सगळ्यांना ठाऊक होते की ही ठेव नव्हे, ठेवीचे सोंग आहे. वरच्यांनाही ठाऊक होते. आकडा मागितला की आकडा मिळतो. त्याच्यामागे पैसा असेलच असे नाही.

निबंधांचेही तेच झाले. आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी सुमारे हजार पुण्याच्या विद्यापीठातील संशोधकांनी तपासली आणि २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष मांडले. दहातली जवळजवळ नऊ कसाला उतरली नाहीत. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. पुढे 'केअर' नावाची नवी यादी आली आणि २०२५ साली तीही बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. मधल्या काळात, २०१८च्या नियमांनी, महाविद्यालयीन शिक्षकांवरची संशोधनाची सक्ती पुष्कळशी सैल केली. म्हणजे आधी 'सगळ्यांनी संशोधन करा' आणि नंतर 'नाही केले तरी चालेल'. दोन्ही वेळा एक प्रश्न विचारायचा राहूनच गेला : या शिक्षकाला, या गावात राहून, मोठ्या संस्थेला जमणार नाही असे काय करता येईल?

त्याचे उत्तर माझ्या मते त्या लाल वहीत आहे. मोठ्या संस्थेकडे यंत्रे असतात, पैसा असतो. पण तिचा प्रकल्प तीन नाहीतर पाच वर्षांचा असतो. तालुक्याच्या महाविद्यालयाकडे यंत्रे नसतात. पण ते त्याच जागी पन्नास वर्षे असते आणि दरवर्षी त्याला नवे डोळे मिळतात. एकाच जागेकडे दीर्घकाळ पाहत राहणे हे त्याचे भांडवल आहे. पुंजीवर चक्रवाढ चढते ती मुदत मोडली नाही तर, हे ज्याने एखादे आवर्ती खाते उघडले आहे त्यालाही कळते.

अशा नोंदींचे मोल नोंदणाऱ्याला त्या वेळी ठाऊक नसते. केरूनाना जिथे तरुणपणी काम करत होते, त्या कुलाब्याच्या वेधशाळेत पुढे १ आणि २ सप्टेंबर १८५९ रोजी चुंबकसूची विलक्षण हलू लागली. निरीक्षकांनी डोळ्यांनी पाहून, हाताने आकडे लिहिले. तो सूर्यावरून आलेला प्रचंड चुंबकीय वादळाचा तडाखा होता. त्या नोंदींच्या आधारे भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी या वादळावरचा निबंध प्रसिद्ध केला तो २००३ साली, १४४ वर्षांनी. मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हणून त्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ साली अलिबागला हलवले. हलवतानाही जुन्या आणि नव्या जागी दोन वर्षे एकाच वेळी वाचने घेतली, कशासाठी, तर साखळी तुटू नये म्हणून. मुंबईच्या अपोलो बंदरावर भरती-ओहोटीची पातळी १८७८पासून मोजली गेली. समुद्र किती चढतो आहे, याचा हिशेब गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी मांडला तो अशाच जुन्या नोंदींवरून. वर्षाला एक-दीड मिलिमीटरची ती गोष्ट. दहा वर्षांच्या वहीत ती दिसतच नाही.

राजपुरीच्या खाडीतही बरेच काही बदलते आहे. दिघीचे बंदर वाढते आहे. रेवस-रेड्डी सागरी महामार्गावरचा पूल याच खाडीवर योजलेला आहे. पूल झाला तर मला बोटीची वाट पाहावी लागणार नाही, आणि त्यात इथल्या लोकांची सोयच आहे; त्याला माझा विरोध नाही. पण आधी इथे काय होते, हे दहा वर्षांनी कुणी विचारले तर उत्तर कुठे मिळेल? महाराष्ट्राने २०२० साली पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष ठरवला. उत्तम झाले. पण ती चिप्पी आणि तिच्या शेजारची तिवरे जगतात की मरतात, हे दर महिन्याला चिखलात उतरून पाहणारे कोणीतरी लागते.

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. शिक्षकांना संशोधनाची सक्ती नको आणि बंदीही नको. जो अशी वही चालवतो, त्याचे ते काम शिकवण्याच्या तासांतच धरावे, कारण ते शिकवणेच आहे. गुण द्यायचेच तर वहीतल्या अखंड वर्षांना द्यावेत. महाविद्यालये आणि विद्यापीठांतले संशोधन वाढावे, हाही एक हेतू ठेवून २०२३ साली कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले आहे. त्यातला काही भाग कोट्यवधींच्या यंत्रांऐवजी अशा वह्यांच्या, थर्मामीटरच्या आणि एसटीच्या भाड्याच्या वाट्याला यावा. आणि सगळ्यात महत्त्वाचे : शिक्षकाची जागा रिकामी होईल, तेव्हा ती भरावी.

कारण सर पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. बँकेत आम्हाला चार्ज दिल्याशिवाय खुर्ची सोडता येत नसे. किल्ल्या मोजून द्यायच्या, नोंदवह्यांची यादी करायची, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही व्हायची. मी सवयीने विचारले, "मग वहीचा चार्ज कुणाला देणार?"

त्यांनी चहाच्या टपरीपाशी उभ्या असलेल्या मुलीकडे बोट केले. चिखलात चौकट टाकत होती ती. मी तिला विद्यार्थिनीच समजलो होतो. पुनवेचा प्रश्न विचारणारी ती हीच. मधल्या काळात ती एम.एस्सी. झाली, सेट उत्तीर्ण झाली, आणि आता तासिका तत्त्वावर शिकवते. जितके तास, तितके पैसे. सत्र संपले की नेमणूक संपते आणि जूननंतर पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. पुढच्या वर्षी कुठल्या गावी तास मिळतील, तिलाच ठाऊक नाही. घरचे लोक लग्नाचे आणि पनवेलच्या एखाद्या नोकरीचे पाहत आहेत, त्यांचेही चुकत नाही. रविवारी खाडीवर येण्याचे तिला कुणी पैसे देत नाही.

"एप्रिल-मेची पानं कोण भरतं?" मी विचारले.

"आतापर्यंत मी होतो," सर म्हणाले.

तेवढ्यात दिघीकडून निघालेली बोट दिसू लागली. धक्क्यावरच्या गाड्या सुरू झाल्या, मावशींनी टोपली उचलली. वही अजून माझ्याच हातात होती. ती मुलगी जवळ आली, घड्याळाकडे पाहून म्हणाली, "काका, वही द्या जरा. पाणी फिरलं." मी वही दिली. बाकावर टेकून तिने वेळ लिहिली, शेवटच्या रकान्यात आपले नाव लिहिले आणि शाई वाळेपर्यंत पान उघडेच धरून उभी राहिली.